बारा महिन्यांचे आकाश

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लेखी संहिता)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळेत भूगोल शिकवत. ग्रहणाच्या दिवशी मुलांना घरात बसवून ठेवण्याऐवजी ते त्यांना मैदानावर आणत आणि पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून सूर्याची प्रतिमा कागदावर दाखवत. ज्या गोष्टीबद्दल बोलायचे ती आधी डोळ्यांनी पाहायची, ही त्यांची शिस्त. म्हणून आज कृष्णविवरे किंवा विश्वाची उत्पत्ती असा भारदस्त विषय न घेता मी साधा विषय निवडला आहे. वर्षाच्या बारा महिन्यांत, आपल्या महाराष्ट्रातून, रात्रीच्या आकाशात काय पाहावे?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. आकाशदर्शन हा वर्षभर करायचा सराव आहे. वर्षातून एकदा दुर्बिणीपुढच्या रांगेत उभे राहून शनीची कडी पाहिली की आनंद होतो, पण तेवढ्याने आकाश ओळखीचे होत नाही. उलट महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून जो नुसत्या डोळ्यांनी वर पाहतो, त्याला वर्षअखेर पृथ्वीची सूर्याभोवतीची प्रदक्षिणा स्वतःच्या अनुभवाने कळलेली असते. त्यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. थोडा काळोख आणि नियम लागतो.

आधी हे चक्र कसे चालते ते पाहू. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तेवढ्यात ती सूर्याभोवती सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. रोजची चार मिनिटे म्हणजे महिन्याला दोन तास आणि वर्षाला पूर्ण चोवीस तास. आज रात्री नऊला पूर्वेला उगवणारा तारा तीन महिन्यांनी नऊला माथ्याच्या सुमारास येतो, सहा महिन्यांनी पश्चिमेला टेकतो, आणि वर्षाने पुन्हा पूर्वेला हजर होतो.

हे वेळापत्रक आपल्या महिन्यांच्या नावांत नोंदलेले आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. सूर्य मावळतो तेव्हा तो उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्रात किंवा त्याच्या शेजारी असतो, तो चैत्र. विशाखेजवळ असतो तो वैशाख, ज्येष्ठेजवळ तो ज्येष्ठ. यातून आपल्या कामाचा नियम निघतो. ज्या महिन्याला ज्या नक्षत्राचे नाव, ते नक्षत्र त्या महिन्यात संध्याकाळी पूर्वेला येते आणि रात्रभर दिसते. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस होतात, सौरवर्षाला अकरा दिवस कमी पडतात. ही तूट साठत गेली असती तर महिने आणि नक्षत्रे यांची ताटातूट झाली असती. ती होऊ नये म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरतात. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. अधिक मास म्हटले की आपल्याला दानधर्म आणि जावयाचे वाण आठवते. त्याच्या मुळाशी आकाशाचा हा चोख हिशेब आहे.

आता तयारी. तारे पाहायचे तर अमावास्येच्या आगेमागे पाहावे. उजेडातून काळोखात आल्यावर डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे क्षणभर पाहिले तरी हा सराव मोडतो. नकाशा पाहायचा असेल तर विजेरीला लाल कागद लावावा, लाल उजेडाने डोळ्याचे कमी बिघडते. अंतर मोजायला आपला हात पुरतो. हात लांब धरला की मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते आणि करंगळीची एक अंश. चंद्रबिंब फक्त अर्ध्या अंशाचे असते, म्हणजे करंगळीआड सहज झाकले जाते. आपल्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढ्याच उंचीवर ध्रुवतारा उत्तरेला दिसतो. पुण्याहून साडेअठरा अंशांवर, नागपूरहून एकवीस अंशांवर, म्हणजे क्षितिजापासून साधारण दोन मुठी. ध्रुव फार तेजस्वी असेल अशी पुष्कळांची समजूत असते. तो मध्यम तेजाचा तारा आहे. त्याचे महत्त्व तेजात नाही, जागेत आहे.

पंचांगाचे वर्ष चैत्रात सुरू होते. महाराष्ट्रात आकाश पाहणाऱ्याचे वर्ष आश्विनात सुरू होते, कारण तेव्हा पाऊस ओसरतो आणि हवा धुऊन निघालेली असते. आपणही तिथूनच सुरुवात करू. वेळ रात्री नऊची धरू.

आश्विन, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, माथ्याकडे चार ताऱ्यांचा एक मोठा चौकोन चढत असतो. ह्या पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा. ईशान्येला इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा दिसते. त्या दोन्हींच्या मधे देवयानी. भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून निघणाऱ्या ताऱ्यांच्या ओळीवरून पुढे गेले आणि दुसऱ्या ताऱ्याशी शर्मिष्ठेच्या दिशेला वळले की दोन मंद ताऱ्यांनंतर एक पुसट, लांबट ठिपका येतो. त्याच्याकडे रोखून पाहिले तर तो नाहीसा होतो, नजर किंचित बाजूला ठेवली की पुन्हा दिसतो. डोळ्याच्या मध्यभागापेक्षा कडेच्या पेशींना मंद उजेड अधिक जाणवतो, म्हणून असे होते. हा ठिपका म्हणजे देवयानी दीर्घिका, आपल्या आकाशगंगेसारखीच अब्जावधी ताऱ्यांची वसाहत, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरची. नुसत्या डोळ्याला सहज दिसणारी ही सर्वांत दूरची वस्तू. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा तिचा उजेड निघाला तेव्हा पृथ्वीवर आपली मानवजात अजून अवतरली नव्हती.

ह्याच महिन्यात कोजागरी येते. गच्चीवर दूध आटवताना कोणी तरी दुर्बीण काढतो आणि चंद्र त्यातून फिका, सपाट दिसला म्हणून निराश होतो. पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर समोरून पडतो, सावल्या उरत नाहीत आणि विवरे लपून जातात. विवरे पाहायची तर शुद्ध अष्टमीचा चंद्र घ्यावा. अर्ध्या बिंबाच्या सीमेवर सूर्य तिथे नुकताच उगवत असतो आणि प्रत्येक डोंगराची लांब सावली पडलेली असते. कोजागरीला नुसत्या डोळ्यांनी चंद्रावरचे काळे डाग पाहावेत. कोणाला त्यात ससा दिसतो, कोणाला हरीण. ही थिजलेल्या लाव्हाची मैदाने आहेत आणि तो खडक बेसॉल्ट जातीचा आहे. सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसॉल्टच. ज्या दगडात वेरूळ कोरले गेले, त्याच जातीचा दगड आपण तिथे पाहत असतो.

कार्तिकात कृत्तिका सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतात आणि नऊ वाजेपर्यंत चांगल्या वर येतात. द्राक्षाच्या घडासारखा हा लहानसा पुंजका ओळखायला शिकवावा लागत नाही. त्यात किती तारे दिसतात ते घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे मोजावे आणि मग आकडे ताडून पाहावेत. बहुतेकांना सहा दिसतात. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या मातांची संख्या पुराणात सहाच आहे. तीक्ष्ण नजरेला गडद काळोखात सातवा, आठवाही दिसतो आणि साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून डझनांनी तारे दिसतात. हे सगळे तारे एकाच ढगातून एकत्र जन्मले आहेत आणि ताऱ्यांच्या मानाने अजून तरुण आहेत.

मार्गशीर्ष, म्हणजे डिसेंबर, हा सबंध वर्षातला सर्वांत श्रीमंत महिना. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेले असते. चार कोपऱ्यांचे चार तारे हे हरणाचे पाय आणि मधले एका रेषेतले तीन तारे हा त्याच्या पोटात घुसलेला बाण. ही बाणाची रेषा खाली वाढवली की व्याध सापडतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवरचा. तीच रेषा वरच्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिका. एका रेषेवर अर्धे आकाश ओवलेले आहे. बाणाच्या थोडे खाली धुरकट डाग दिसतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा तो वायूचा ढग आहे आणि त्यात आजही नवे तारे जन्माला येत आहेत.

मृगातले दोन तारे एकामागून एक पाहावेत. तांबूस आहे तो काक्षी, निळसर पांढरा आहे तो राजन्य. रंगातला फरक तापमानाचा आहे. तांबूस तारा तुलनेने थंड, निळसर तारा प्रखर तप्त. काक्षीने २०१९ च्या अखेरीस जगभरच्या निरीक्षकांना कामाला लावले. तो मंद होत होत फेब्रुवारी २०२० मध्ये इतका उतरला की मृगाच्याच शेजारच्या दुय्यम ताऱ्याइतका दिसू लागला. त्याचा स्फोट होणार का, अशी चर्चा सुरू झाली. पुढे तो पुन्हा पूर्ववत झाला. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूतून धूळ तयार झाली आणि ती आपल्या दिशेने आड आली, असा उलगडा अभ्यासकांनी केला. ह्या प्रसंगात लक्षात ठेवण्याजोगे हे, की तो बदल पाहायला दुर्बीण लागत नव्हती. ज्याला काक्षीची नेहमीची चमक पाठ होती, त्याला तो अंगणातून कळत होता. ज्याने आधी कधी पाहिले नव्हते, त्याला काही बिनसले आहे हे कळण्याचा मार्गच नव्हता. नियमाने पाहण्याचे मोल ते हे.

डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्कावर्षाव होतो. आपल्याकडून पाहण्याजोगा हा वर्षातला सर्वांत चांगला वर्षाव. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला वर्षाव जगात अधिक गाजलेला आहे, पण तो आपल्याकडे ढगांत बुडतो. डिसेंबरात आकाश स्वच्छ असते, थंडी सोसवते आणि पुनर्वसूचे जुळे तारे मध्यरात्रीनंतर अगदी माथ्यावर येतात. आदर्श काळोखात तासाला शंभराहून अधिक उल्का पडतात. गावच्या आकाशात त्याहून कमी दिसतात, तरी निराशा होत नाही. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात. ह्याचे मूळ मात्र १९८३ साली सापडलेल्या फेथॉन नावाच्या लघुग्रहात आहे. पाहण्याची रीत अशी: सतरंजी अंथरायची, उताणे पडायचे, पांघरूण घ्यायचे आणि सबंध आकाश नजरेत ठेवायचे.

पौषात पुष्य वर येतो. पुनर्वसू आणि मघा यांच्या मधोमध एक मंद धूसर पुंजका दिसतो, तोच हा. गॅलिलिओने दुर्बीण रोखली तेव्हा ह्या धुक्याचे चाळीसएक तारे झाले. पौषातच मकर संक्रांत येते. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते असे आपण म्हणतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. फरक पडला तो पृथ्वीचा आस संथपणे डोलत असल्यामुळे. ह्या डोलण्याची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून दर बहात्तर वर्षांना सुमारे एक अंश मागे सरकतात. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' ग्रंथात वेदांचा काळ ठरवण्याचा जो प्रयत्न केला, तो ह्याच सरकण्यावर आधारलेला होता. वसंतसंपात मृगात होता तो काळ त्यांनी शोधला. त्यांच्या निष्कर्षांवर विद्वानांत मतभेद आहेत. पण राजकारणाच्या धामधुमीतला एक मराठी माणूस आपला युक्तिवाद मृग नक्षत्रावर उभा करतो, आणि १८९६ साली शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत निघतो, हा वारसा आपल्या घरचा आहे.

माघात, फेब्रुवारीच्या मध्याला, रात्री नऊला तोंड नेमके दक्षिणेला करावे. व्याधाच्या बरेच खाली, क्षितिजापासून जवळजवळ दोन मुठींवर, एक तेजस्वी पांढरा तारा एकटा उभा असतो. हा अगस्त्य, तेजात व्याधाखालोखाल दुसरा. पुण्याहून तो जास्तीत जास्त एकोणीस अंश वर येतो, नागपूरहून सोळा. दिल्लीहून तो क्षितिजाला चिकटूनच दिसतो आणि लंडनहून कधीच दिसत नाही. विंध्य ओलांडून दक्षिणेला गेलेल्या ऋषीचे नाव ह्या ताऱ्याला मिळाले, यात भूगोलाचे अचूक निरीक्षण आहे. जसजसे दक्षिणेला जावे, तसतसा हा तारा उंच दिसतो. पंचांगात त्याच्या उदय-अस्ताची नोंद असते. १९६४ साली मंगळाकडे निघालेल्या मरिनर-४ यानानेही आपली दिशा सांभाळण्यासाठी ह्याच ताऱ्यावर नजर रोखली होती.

फाल्गुनात सिंह राशी पूर्वेला उंच येते. कोयत्याच्या आकाराच्या मुठीशी मघा, शेपटीच्या टोकाला उत्तरा फाल्गुनी. ह्या महिन्यातली दुसरी गोष्ट पहाटे पाहायची. २०-२१ मार्चला सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या एखाद्या झाडाच्या किंवा इमारतीच्या खुणेने ती जागा नोंदवून ठेवावी आणि जूनमध्ये, डिसेंबरमध्ये पुन्हा पाहावी. उगवतीची जागा उत्तर-दक्षिण किती सरकते, ते पाहून मुले थक्क होतात.

चैत्र-वैशाख हा सप्तर्षींचा काळ. उत्तरेला सात तारे पतंगासारखे उंच असतात. पुढचे दोन, क्रतू आणि पुलह, यांना जोडणारी रेषा वाढवली की ध्रुव मिळतो. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती आणि त्याहून पुढे निळसर पांढरी चित्रा. चैत्री पौर्णिमेला चंद्र ह्याच चित्रेजवळ असतो. मघाशी सांगितलेला नियम त्या रात्री स्वतः पडताळून पाहावा. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ आणि त्याला लागून बारीक अरुंधती. लग्नात वधूवरांना अरुंधती दाखवण्याची रीत आहे आणि आपली लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची, जेव्हा अरुंधती रात्री नऊला उत्तरेला उंच असते. माझी यजमानांना विनंती आहे की रिसेप्शनच्या गडबडीतून पाच मिनिटे काढा, दोघांना दिव्यांपासून दूर न्या आणि ती जोडी खरोखर दाखवा. धडधाकट नजरेला ती दिसते. तो विधी मग नुसता उरकला जाणार नाही.

वैशाखात, मेच्या मध्याला, दक्षिण क्षितिज मोकळे असेल अशी जागा शोधावी. कोकणातला सडा, देशावरचा माळ, एखाद्या गडाचा दक्षिण बुरूज. रात्री नऊ-साडेनऊला चार ताऱ्यांचा त्रिशंकू सरळ उभा दिसतो. पुण्याहून त्याचा वरचा तारा चौदा अंशांवर, खालचा आठ अंशांवर. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ध्वजांवर असलेले हे नक्षत्र आपल्याला मेच्या आगेमागे संध्याकाळी थोडे दिवस दर्शन देते. विश्वामित्राने सदेह स्वर्गात पाठवलेला आणि मधेच लटकून राहिलेला राजा आपल्या आकाशात जमिनीपासून जेमतेम वर उचललेला असावा, हे कथेला शोभून दिसते. त्याच्या डावीकडे, थोड्या वेळाने, नरतुरंग तारकासमूहातला मित्र हा तारा उगवून वर येतो. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळची ताऱ्यांची वस्ती तिथे आहे, सव्वाचार-साडेचार प्रकाशवर्षांवर. युरोपातल्या, उत्तर अमेरिकेतल्या बहुतेकांच्या नशिबी हे दृश्य नाही. आपण ते घरबसल्या पाहू शकतो आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले आहे.

मग पाऊस. ७-८ जूनला मृग लागतो असे शेतकरी म्हणतो. त्याचा अर्थ, सूर्य मृग नक्षत्रात शिरला. म्हणजे नेमके त्या काळात मृग दिवसा सूर्याबरोबर असतो आणि रात्री दिसत नाही. सूर्याच्या वाटेचे सत्तावीस भाग, प्रत्येकात सूर्याचा मुक्काम तेरा-चौदा दिवसांचा. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही शेतीची सगळी दिनदर्शिका दिवसा न दिसणाऱ्या ताऱ्यांवर चालते. हे ज्यांनी बसवले त्यांनी पहाटे आणि तिन्हीसांजेला क्षितिजावरचे तारे पिढ्यान्‌पिढ्या टिपले असले पाहिजेत. त्याखेरीज सूर्य कुठल्या नक्षत्रात आहे, हे कळायला दुसरा उपाय नव्हता.

ज्येष्ठात ढग फाटले तर आग्नेयेला वृश्चिक दिसतो. आकाशातल्या बहुतेक आकृत्यांना कल्पनेची जोड लागते, विंचू मात्र नांगीसकट विंचूच दिसतो. त्याच्या काळजाशी तांबडी ज्येष्ठा. आषाढात त्याच्या मागोमाग धनू येते आणि त्या दिशेला, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या आकाशगंगेचा केंद्रभाग आहे. दुर्दैवाने आकाशगंगेचा हा सर्वांत दाट पट्टा संध्याकाळी वर येतो तेव्हा आपल्यावर ढग असतात. ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी मे महिन्यात अमावास्येच्या सुमारास, मध्यरात्रीनंतर पाहावा.

श्रावणात डोक्यावर अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण असतो. राखीपौर्णिमेचा चंद्र श्रवणाच्या दक्षिणेला उगवतो. तीच कोळीवाड्यातली नारळी पौर्णिमा, उधाणाच्या भरतीची. सूर्य आणि चंद्र दोघे मिळून समुद्र कसा ओढतात ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावे लागत नाही. अभिजित आज नुसता एक तेजस्वी तारा आहे. पृथ्वीच्या त्या डोलण्यामुळे सुमारे बारा हजार वर्षांनी उत्तर दिशा दाखवायचे काम त्याच्याकडे येईल. भाद्रपदात उघडीप मिळाली तर ती सोडू नये. पावसाने धूळ खाली बसवलेली असते आणि अशा एखाद्या रात्रीचे आकाश जानेवारीलाही मागे टाकते.

ग्रहांचा हिशेब वेगळा. ते दर वर्षी त्याच महिन्यात त्याच जागी भेटत नाहीत. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसतो, मध्यरात्री कधीही नाही. गुरू बारा वर्षांत एक फेरी करतो, म्हणजे वर्षाला साधारण एक रास. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ, कन्येत गेला की कृष्णाकाठी कन्यागत. बारा वर्षांचा हा मेळा गुरूच्या गतीवर ठरतो. शनीला फेरीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, एका राशीत अडीच वर्षे, तीन राशींत साडेसात. साडेसातीतली ही गणिताची बाजू खरी आहे. तिच्यामुळे माणसाचे बरेवाईट होते, याला काडीचाही पुरावा नाही. पंचांगात ग्रह कुठल्या राशीत आहे ते बघा आणि बाहेर जाऊन तो तिथे आहे का ते पाहा. पंचांगाचा ह्याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आता काळजीची गोष्ट. जगातल्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. आपल्या गावांतही चौकाचौकांत हायमास्ट दिवे लागले. रस्त्यावर उजेड हवाच, पण तो रस्त्यावर पडावा. दिव्याला वरून झाकण, झोत खाली आणि गरजेपुरतीच प्रखरता, एवढ्याने आकाश बरेच वाचते आणि वीजही वाचते. उजेडाने निशाचर कीटक, पक्षी आणि समुद्री कासवांची पिल्ले भरकटतात, हा तोटा आणखी वेगळा. हे जमण्याजोगे आहे, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. जंगलाभोवतीच्या गावांतले दिवे बदलण्याचे काम त्यात महत्त्वाचे होते.

शिकवणारी माणसेही आपल्याकडे आहेत. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून, वांगणीसारख्या ठिकाणी रात्रभराचे आकाशदर्शन घडवून आणते. ज्याला शिकायचे आहे त्याला दारे उघडी आहेत.

शेवटी विनंती करतो आणि थांबतो. येत्या अमावास्येला रात्री नऊला घरातल्या एका मुलाला बरोबर घेऊन गच्चीवर किंवा गावाबाहेर जा. एक वही ठेवा. तारीख, वेळ, जागा, पूर्वेला काय उगवले, माथ्यावर काय होते, दक्षिणेला काय दिसले, एवढेच लिहा. ढग असतील तर ढग होते असे लिहा, तीही नोंदच आहे. ज्यांच्या हाती ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे, सोसायटीचे दिवे आहेत त्यांनी निदान एका रस्त्याच्या दिव्यांना झाकणे बसवून पाहावीत. पुढच्या वर्षी ह्याच व्याख्यानमालेला याल तेव्हा तुमच्या वहीत बारा नोंदी असाव्यात. गुरुजींचे स्मरण करण्याची ह्याहून योग्य रीत नाही.